नोंदणी तपासा, पण घरचा पत्ता कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या अंकात लातूरच्या एका वाचकांचे पत्र आपण चौकट करून छापलेत. सरकारी पगार घेणाऱ्या सिस्टरला कसला आलाय खासगीपणा, बोगस नर्स ओळखायच्या तर त्यांची सगळी माहिती उघडी हवी, असा त्याचा एकूण सूर होता. मी ३१ वर्षे सरकारी दवाखान्यांत काढली आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. ते पत्र वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आज सकाळी पूजा तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

त्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे, तो आधी सांगते. बोगस नर्सिंगचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी काही दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्यांत बारावी झालेल्या पोरींना पांढरा ॲप्रन घालतात, दोन-चार महिन्यांत सलाइन लावायला शिकवतात आणि पेशंट त्यांनाही सिस्टरच म्हणतो. नर्सिंगचे रीतसर शिक्षण घ्यायचे तर एएनएमच्या कोर्सला दोन वर्षे लागतात, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजे नर्सिंग कौन्सिलकडे, नोंदणी आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ज्याच्या आईच्या शिरेत सुई जाणार आहे, त्याला समोरची बाई नोंदणीकृत आहे की नाही हे तपासता आलेच पाहिजे. त्यासाठी नाव, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि नोंदणीची मुदत एवढे पुष्कळ झाले. जन्मतारीख, मोबाइल नंबर, गाव आणि गल्ली यांचा सुईशी काय संबंध?

मी हे का विचारते, ते सांगते. माझ्या भाचीला या नोकरीत मीच आणले. ताई आणि दाजींना मीच म्हटले होते, पोरीला नर्सिंगला घाला, जन्मात कुठे अडणार नाही. तिने जीएनएम केले, भरतीची परीक्षा दिली, निवड झाली. एका कार्यालयाने निवड यादी संकेतस्थळावर टाकली. आम्ही घरातल्या सगळ्यांनी ती पीडीएफ मोबाइलवर ताणून ताणून तिचे नाव शोधले आणि पेढे वाटले. त्या आनंदात नावापुढचे रकाने कोणी वाचले नाहीत. वडिलांचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाइल नंबर, घर क्रमांकासकट पत्ता, गाव, तालुका, जिल्हा. सगळे ओळीने मांडलेले होते.

दोन वर्षांनी, गेल्या पावसाळ्यात, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात तिची नाइट होती. एका पेशंटचा मुलगा शेजारच्या रिकाम्या खाटेवर बुटासकट झोपला होता. तिने त्याला उठवले. त्याने तिच्या छातीवरची पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "नाव ध्यानात ठेवतो." चार दिवसांनी पेशंटला सुट्टी झाली, विषय संपला असे तिला वाटले. पुढच्या महिन्यात तिच्या वाढदिवशी, रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी अनोळखी नंबरवरून मेसेज आला : हॅपी बर्थडे सिस्टर, सव्वीस पूर्ण झाले ना? मग रोजच सुरू झाले. ब्लॉक केला की दुसरा नंबर. एकदा तिच्या गावच्या वेशीचा फोटो आला. आणि एका रविवारी तो माणूस थेट दाजींच्या ओट्यावर जाऊन बसला. "सिस्टरनी आमच्या बापाची लई सेवा केली, भेटायला आलतो," म्हणाला. दाजींनी त्याला पाणी दिले, चहा पाजला. त्यांना काय माहीत!

पोरगी मला फोनवर एकच विचारत होती, "मावशी, मी कोणालाच दिला नाही, मग त्याला माझा नंबर भेटला कुठून?" मी माझ्या मोबाइलवर तिचे पूर्ण नाव टाकले. तिसऱ्या ओळीला ती पीडीएफ आली. आम्ही जिच्यावर पेढे वाटले, तीच.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. त्याने अंगाला हात लावला का, एवढेच आम्हाला विचारले गेले. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळीच ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला नंतर एका वकिलांनी सांगितले. तोवर दाजींनी माझ्यापुढे हात जोडले होते. तिचे लग्न जमवायचे होते, ठाण्याची पायरी पुन्हा नको म्हणाले. वॉर्डात मारहाण झाली, काचा फुटल्या, तर २०१० चा राज्याचा कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण ओट्यावर बसून चहा पिणाऱ्या माणसाला तो कायदा काय करणार?

तिने नंबर बदलला. बोलायला हे सोपे आहे. परिषदेच्या नोंदीला जुना नंबर, आधारला जुना, बँकेला जुना आणि प्रत्येक ठिकाणी ओटीपी जाणार जुन्यावरच. नाइट करून सकाळी आधार केंद्राच्या रांगेत, तिथून बँकेत, पुन्हा संध्याकाळी ड्यूटीला. तीन आठवडे पोरीची ही धावपळ मी पाहिली आहे. याच दिवसांत तिने छातीवरच्या पाटीवर आडनावापुरती मायक्रोपोरची, म्हणजे ड्रेसिंगच्या चिकटपट्टीची, पट्टी चिकटवली. मेट्रनबाईंनी ती राउंडला पाहिली आणि सगळ्यांसमोर काढायला लावली. मेट्रनबाईंचे चुकले असे मी म्हणणार नाही. औषध देणारीचे नाव पेशंटला दिसलेच पाहिजे, माझ्या वॉर्डात मीही तेच केले असते. पण आमच्या वेळी पाटीवरचे नाव म्हणजे नुसते नाव होते. त्या नावावरून आमच्या दारापर्यंत वाट जात नव्हती.

माझी नोंदणी १९८९ ची. सर्टिफिकेट रजिस्टर पोस्टाने आले होते, अजून ट्रंकेत आहे. तेव्हाही परिषदेकडे रजिस्टर होते आणि त्यात माझा पत्ताही होता. तो कोणाला बघायचा असता तर मुंबई गाठावी लागली असती आणि मी अमुक, मला तमुक कारणासाठी हवे, असे सांगावे लागले असते. विचारणाराही नोंदला जात होता. आता नर्स सगळ्या जगाला दिसते आणि तिला शोधणारा कोणालाच दिसत नाही. त्या वाचकांनी या फरकावर एक ओळ तरी लिहायला हवी होती.

यादी काढून टाका असा अर्ज घेऊन मी स्वतः त्या कार्यालयात गेले. बाबू म्हणाले, "बाई, माहिती अधिकारात हे टाकावंच लागतं." मी घरी येऊन माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ दोनदा वाचले. त्यात अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि त्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितले आहे. पोरीची जन्मतारीख आणि घर क्रमांक टाका, असे कुठेही म्हटलेले नाही. निवड यादीला बैठक क्रमांक, नाव आणि गुण पुरतात. आमच्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ज्येष्ठता याद्या निघतात, बदल्यांच्या निघतात, कंत्राटी भरतीच्या निघतात. जो रकाना एक्सेलमध्ये आहे तो तसाच पीडीएफमध्ये जातो, कारण तो काढायला कोणाला सवड नाही. दोन रकाने लपवायला किती वेळ लागतो?

आणि आपण त्या पत्राखाली संपादकीय टीप दिलीत की, आता डेटा संरक्षण कायदा आला आहे, चिंतेचे कारण नाही. कारण आहे, साहेब. २०२३ च्या त्या कायद्याचे कलम ३ पाहा. जी वैयक्तिक माहिती कायद्याने जाहीर करणे बंधनकारक आहे म्हणून जाहीर झाली, तिला हा कायदा लागूच होत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातल्याही बहुतेक तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे नोंदवहीत काय उघडे ठेवायचे हे आधीच नीट ठरले नाही, तर पुढे दाद मागायला जागा उरत नाही. नर्सेसची माहिती आता आधारशी जोडून एका ठिकाणी गोळा होते आहे, एनयूआयडी, म्हणजे प्रत्येक नर्सचा देशभर चालणारा एकच ओळख क्रमांक, निघाले आहेत. २०२३ च्याच परिचर्या आयोग कायद्यात देशभराची नोंदवही ऑनलाइन ठेवायची तरतूद आहे. तेव्हा हे ठरवायची वेळ आजच आहे. इंग्लंडच्या नोंदवहीत नर्सचे नाव शोधले तर नोंदणी चालू आहे का, मुदत कधीपर्यंत, हे दिसते, घरचा पत्ता दिसत नाही. कॅलिफोर्नियात नोंदीचा पत्ता सार्वजनिक असतो, म्हणून तिथल्या नर्सेस घराऐवजी पोस्टाच्या पेटीचा नंबर देऊ शकतात आणि तो चालतो. आमच्या पोरींना एवढीसुद्धा सोय का नसावी? नोंदणी क्रमांक टाकला की नाव आणि मुदत दिसावी, बाकी परिषदेच्या कपाटात राहावे.

जाता जाता आपल्या वर्तमानपत्राबद्दलही बोलते, राग मानू नका. दवाखान्यात काही बरेवाईट झाले की आपल्या बातमीत 'संबंधित डॉक्टर' असतात आणि नर्सचे मात्र आडनावासकट नाव, कधी कधी राहण्याचे ठिकाणसुद्धा. चौकशी व्हायची असते, दोष ठरायचा असतो. मागे एका प्रकरणात चौकशीत सिस्टर निर्दोष सुटली, ती बातमी मी आपल्या अंकात शोधत राहिले. पहिली बातमी अजून इंटरनेटवर आहे. तिचे नाव टाकले की आजही तीच वर येते.

भाचीची यादीही अजून तिथेच आहे. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेले नाही. तिने जिल्हा बदलून घ्यायचा अर्ज केला आहे. दाजी आता ओट्यावर अनोळखी माणसाला बसू देत नाहीत.

नाव, पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर असल्याशिवाय पत्र छापत नाही, हा आपला नियम मला ठाऊक आहे. तिन्ही गोष्टी सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. तो कागद कृपया आपल्या टेबलापुरताच ठेवावा. मागच्या महिन्यात एका पत्रलेखिकेचा नंबर पत्राखाली छापला गेला होता, तो मी पाहिला आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, परभणी