बर्फाआधी पाणी

महोदय,

एरियल्स स्कीइंग (पायांत स्की घालून बर्फाच्या रॅम्पवरून उडत हवेत कोलांट्या घेणे) म्हणजे बर्फाळ देशांचाच खेळ, हा समज अर्धाच खरा. २००२ ची ऑलिम्पिक विजेती अलिसा कॅम्पलिन ऑस्ट्रेलियाची, मूळची जिम्नॅस्ट. गुणांत उड्डाण २०, हवेतील शरीराची ठेवण ५०, उतरणे ३० टक्के. मग उडीच्या काठिण्याच्या अंकाने गुणाकार. निम्मे गुण जिम्नॅस्टिक्सचेच की!

नवी उडी आधी ट्रॅम्पोलिनवर, मग उन्हाळ्यात रॅम्पवरून पाण्यात घोटतात. तळातून हवेचे बुडबुडे सोडले की पाण्याचा मार कमी बसतो. बर्फावर मात्र वेगाचा अंदाज चुकता कामा नये. वेग कमी पडला तर खेळाडू उतरण्याचा उतार सुरू होण्याआधीच आदळतो, जास्त झाला तर उतार संपत आल्यावर. गुडघ्याचे लिगामेंट फाटते ते असेच.

आमच्या पंचेचाळीस अंशांत बर्फ कुठला? पण मल्लखांबावरच्या मुलांना ट्रॅम्पोलिन तरी मिळावे.

– एक क्रीडाप्रेमी, धंतोली, नागपूर