मत मांडल्याबद्दल नोकरी जाऊ नये : न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना खुले पत्र

सन्माननीय गव्हर्नर,
स.न.वि.वि.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्यानंतरच्या रविवारी माझ्या एका सहकाऱ्याने फेसबुकवर, स्वतःच्या खात्यावर, पोलिसांच्या वर्तनाविषयी चार ओळी लिहिल्या. दुसऱ्याच दिवशी ‘एचआर’ने त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन कंपनीच्या आचारसंहितेची आठवण करून दिली आणि त्याने तो मजकूर काढून टाकला. तो एच-१बी व्हिसावर होता. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला अशा माणसाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्याच्याच टीममध्ये असून मी गप्प राहिलो, याची मला आजही खंत वाटते.

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी, सरकारचे हात बांधते, खासगी मालकाचे नाही. सार्वजनिक प्रश्नावर मत मांडणाऱ्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाला सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या पिकरिंग निकालाचा थोडाफार आधार आहे. खासगी नोकरदाराला तोही नाही. आपल्या राज्याचा १९८६ चा कायदा मालकाचा गैरव्यवहार उघड करणाऱ्याला वाचवतो, पण पोलिसांविषयी नागरिक म्हणून मत मांडणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. कनेटिकट राज्याने मात्र १९८३ मध्येच असे मत मांडण्याला खासगी नोकरदारांसाठीही संरक्षण दिले. बोलण्यामुळे कामात किंवा कामावरच्या संबंधांत खरोखर मोठी बाधा आली तर तिथेही मालक कारवाई करू शकतो, आणि ही मर्यादा मला रास्त वाटते.

पोलिसांच्या वर्तनाचा प्रश्न आपल्या राज्यात जुना आहे. १९६७ मध्ये नेवार्कला पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला मारहाण केली आणि त्यातून उसळलेल्या दंगलीत २६ माणसे मेली. त्याच शहरात लोकसंख्येत सुमारे ५४ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण रस्त्यात अडवल्या गेलेल्या पादचाऱ्यांत ८५ टक्के होते, असे केंद्रीय न्याय विभागाने २०१४ मध्ये नोंदवले. ज्याला वारंवार अडवले जाते आणि ज्याला कधीच अडवले जात नाही, असे दोघे आजही कामाच्या ठिकाणी शेजारी बसतात. तिथेच हा विषय काढायची धास्ती असेल, तर ते एकमेकांचे म्हणणे ऐकणार कुठे?

‘हे आपले भांडण नाही’ असे आमच्या मराठी घरांतही म्हटले जाते. पण १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी कपाळावरच्या कुंकवाच्या खुणेवरून भारतीयांवर हल्ले करत होती, तेव्हा पोलिसांनी आमचे ऐकावे म्हणून आम्हालाही आवाज उठवावा लागला होता.

म्हणून कनेटिकटच्या धर्तीवर विधेयक आणण्यासाठी आपण पुढाकार घ्यावा. पोलिसांच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही त्यात तेवढेच संरक्षण असावे, आणि कोणत्या विधानाने कोणत्या कामाचे नुकसान झाले हे मालकाने लेखी सांगणे बंधनकारक असावे. विधेयक मंजूर होण्याआधीच्या सुनावणीत व्हिसावर असलेल्यांची साक्ष नाव उघड न करता लेखी स्वीकारावी. माझा सहकारी ती द्यायला तयार आहे.

आपला,
एडिसनमधील एक मराठी रहिवासी