सामान लावून देणाऱ्या त्या दोघांचे आभार

परदेशातल्या नव्या घरात आमचं सामान जहाजाने सात आठवड्यांनी आलं, तेही संध्याकाळी. खोक्यांवर नुसते आकडे होते आणि कुठल्या आकड्यात काय, ती यादी प्रवासात कुठेतरी हरवली होती. ब्याऐंशी खोकी दिवाणखान्यात रचलेली, मुलगी रडून रडून दमलेली आणि तिच्या पलंगाचे बोल्ट सापडत नव्हते.

सामान उतरवून देणं एवढंच तुमचं काम होतं. ते संपलं होतं, तरी तुम्ही थांबलात. एकाने आपल्या पेटीतले बोल्ट एकेक लावून पाहिले आणि पलंग उभा केला. मी दिवा लावायला गेले तेव्हा त्यानेच हात धरून थांबवलं आणि खालचं लेबल दाखवलं. दिवा १२० व्होल्टचा, इथली वीज २३० ची. माझ्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. तो मुलीशेजारी जमिनीवर बसला, खोकी थोडी उघडून बघितली आणि तिच्याच खडूने प्रत्येकावर चित्र काढत गेला: पातेलं, उशी, पुस्तक. तिच्या खोक्यांवर काय काढायचं ते त्याने तिलाच खुणेने विचारलं. तिने कासव सांगितलं. पाच खोक्यांवर पाच कासवं काढली, प्रत्येकाचं तोंड तिच्या खोलीच्या दाराकडे!

त्या रात्री ती स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या पांघरुणात झोपली. गडबडीत तुमची नावं विचारायची राहून गेली. मनापासून आभार, दादांनो. एक कासव आम्ही कापून भिंतीवर लावलंय.