महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र: त्या रूमची चावी मीच दिली

मा. मंत्री महोदया, नमस्कार.

अकरा वर्षं मी हॉटेलात रात्रपाळीला रिसेप्शनवर होतो. गेल्या सोमवारी मला काढून टाकलं. का काढलं ते सांगायलाच लिहितोय.

रात्री पावणेबाराला चाळिशीचा एक माणूस आला, ॲपवरून बुकिंग, पैसे आधीच भरलेले. सोबत पंधरा-सोळाची मुलगी, 'पुतणी आहे, सकाळी परीक्षा आहे' म्हणाला. पोरीच्या पायात तिच्या मापापेक्षा मोठ्या चपला, शाळेचं दप्तर छातीशी घट्ट धरलेलं. नाव विचारलं तर तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग खाली. आधार फक्त त्याचं. आणि मी चावी दिली. चेक-इन दोन मिनिटांत कसं उरकायचं, रेटिंग कसं मागायचं हे मला शिकवलं होतं, अशा वेळी काय करायचं हे एकदाही नाही.

मग जीव थाऱ्यावर राहिना. मॅनेजरला फोन केला तर 'आधार आहे ना, पेमेंट आलंय ना, तुला काय पडलंय?' ॲपच्या कस्टमर केअरला लावला तर तिथली मुलगी विचारते बुकिंग कॅन्सल करायचंय का, रिफंड हवाय का. शेवटी ११२ लावला. पोलीस येईपर्यंत दोघं मागच्या जिन्याने गेलेले. आणि ठपका माझ्यावर, गिऱ्हाइकाला त्रास दिला म्हणून!

मॅडम, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्याच्या कायद्याच्या, कलम १९ मध्ये नुसती शंका आली तरी कळवायलाच पाहिजे असं लिहिलंय. म्हणजे कायदा पाळला म्हणून माझी नोकरी गेली. दोन मुलांची फी थकलीये, बायको विचारते कशाला नसत्या भानगडीत पडलात, तिला काय सांगू? वेश्याव्यवसायासाठी माणसांचा व्यापार रोखणारा पिटा कायदा १९५६ पासून आहे, त्यात हॉटेलचं लायसन सस्पेंड करता येतं, पण आमच्याकडे कुणी साधं विचारायला आलं नाही. मानवी तस्करीविरोधी बिल २०१८ ला लोकसभेत पास झालं, २०१९ ला लॅप्स. २०२१ ला नवा मसुदा आला, तो कुठे गेला? जगात सक्तीच्या कामातून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा काळा नफा होतो, त्यातला ७३ टक्के लैंगिक शोषणातून, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्ये सांगितलंय. हा धंदा काय रानात चालतो का? रूम लागते, बुकिंग लागतं, गाडी लागते, ऑनलाइन पेमेंट लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या कंपनीला कमिशन मिळतं. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामावर, खर्च करावे लागतात, करतात, फोटोही छापतात. पण स्वतःच्या काउंटरवरच्या माणसाला शहाणं करायला सीएसआर कशाला लागतो? कंपन्यांना जमीन, वीज, सवलती देताना सरकारला शंभर अटी सुचतात, ही एक का नाही सुचत?

रिसेप्शन, हाउसकीपिंग, ड्रायव्हर सगळ्यांना ट्रेनिंग दिल्याशिवाय लायसन रिन्यू करू नका. ॲपवाल्यांना रूममधल्या प्रत्येक माणसाचं ओळखपत्र घ्यायला लावा, अशा तक्रारीसाठी चोवीस तास माणूस बसवायला लावा. आणि जो कळवेल त्याची नोकरी जाणार नाही असं लेखी द्या, नाहीतर माझं बघून पुढचा कुणी फोन उचलणार नाही.

त्या रात्रीच्या रजिस्टरमध्ये मुलीचं नावच नाहीये. त्याच्या नावापुढे फक्त '+१' लिहिलंय, माझ्याच अक्षरात. पोलिसांनी तिचं नाव विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.

आपला,
रात्रपाळीचा एक रिसेप्शनिस्ट, सध्या बेकार