सामानाजवळ थांबायला कुणी नसतं

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तुझा इटलीच्या सहलीचा चौदा दिवसांचा आराखडा वाचला. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स हा क्रम बरोबर आहे, उगाच मागे फिरावं लागत नाही. परतीचं विमान रोमहून आहे आणि शेवटची रात्र रोमला ठेवली आहेस, हे फार चांगलं केलंस. नेपल्सहून त्याच दिवशी रेल्वेने येऊन विमान गाठायचं ठरवलं असतंस, तर एका संपाने सगळं कोलमडलं असतं. बदल एकच सुचवते. मिलानच्या तीन रात्रींतली एक काढ आणि व्हेनिसला जोड. दिवसभराची गर्दी संध्याकाळच्या गाड्यांनी परत गेली की व्हेनिस खऱ्या अर्थाने बघायला मिळतं.

एकटीने फिरताना मनात एक गोष्ट पक्की धर: तुझ्या सामानाजवळ थांबायला दुसरं कुणी नसणार. "जरा बॅग बघ गं, मी तिकीट घेऊन येते" हे वाक्य तिथे कुणाला म्हणता येणार नाही. खाली लिहिलेलं सगळं याच एका अडचणीवरून आलं आहे.

म्हणून आधी बॅग. चाकांची एकच छोटी बॅग, भरल्यावर आठ किलोच्या आत, आणि पुढे छातीशी घेता येईल अशी एक लहान. निघण्यापूर्वी घरी दोन परीक्षा घे. मोठी बॅग एका हाताने उचलून तीन मजले न थांबता चढता आलं पाहिजे. आणि दोन्ही बॅगा घेऊन आपल्या लहान बाथरूममध्ये शिरून दार लावता आलं पाहिजे. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात तुला बॅगांसकट आत जायचं आहे. तिथे साधारण एक युरो लागतो, सुटी नाणी वरच्या खिशात ठेव. रस्त्यात गरज पडली तर बारमध्ये जाऊन एक कॉफी घे आणि आतलं वापर. तिकडे बार म्हणजे कॉफीचं दुकान, बिचकू नकोस. राहण्याच्या जागी मात्र बिडे, म्हणजे पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं, असतो, १९७५ पासून घरांसाठी तो कायद्यानेच सक्तीचा आहे. तेवढी एक सोय होईल.

आता रेल्वे. तुझा बहुतेक गोंधळ इथेच होऊ शकतो, म्हणून सावकाश वाच.

स्टेशनवर फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावं शोधू नकोस, फिरेन्झे, वेनेत्सिया, मिलानो, नापोली शोध. आणि एकेका शहरात तीन-चार स्टेशनं आहेत. तिकिटावर वेनेत्सिया सांता लुचिया हवं, मेस्त्रे नको, कारण मेस्त्रे पुलाअलीकडे जमिनीवर आहे. फिरेन्झे सांता मारिया नोवेल्ला हवं, काम्पो दी मार्ते नको. रोमला तेर्मिनी, तिबुर्तिना नको. फलकावर 'पार्तेन्त्से' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'आर्रिवी' म्हणजे येणाऱ्या, 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहितात. तू व्हेनिसहून फ्लॉरेन्सला निघालेली असशील आणि फलकावर फक्त रोमा किंवा नापोली दिसेल. तिकिटावरचा गाडीचा नंबर जुळव, गावाचं नाव नव्हे. फलाट बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं आधीच कळतो, तोवर फलकासमोर उभी राहा. मोठ्या स्टेशनांत फलाटाकडे जाताना तिकीट तपासतात, ते मोबाइलवर उघडून ठेव.

गाड्या दोन प्रकारच्या समज. फ्रेच्यारोस्सा आणि इतालो या वेगवान गाड्या. त्यांचं भाडं विमानासारखं चढतं, म्हणून सगळ्या मोठ्या प्रवासांची तिकिटं इथूनच काढून ये. मिलान-व्हेनिस अडीच तासांच्या आत, व्हेनिस-फ्लॉरेन्स सव्वादोन, फ्लॉरेन्स-रोम दीड, रोम-नेपल्स सव्वा तास धर. स्वस्तातलं तिकीट बदलता येत नाही, म्हणून गाडी सकाळी दहा-अकराची घे, सातची नको. या तिकिटावर गाडी आणि जागा ठरलेली असते, त्यावर शिक्का लागत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या म्हणजे 'रेजोनाले', आपल्या पॅसेंजरसारख्या. फ्लॉरेन्सहून पिसा किंवा लुक्काला तू याच गाडीने जाशील. भाडं ठरलेलं, जागा ठरलेली नाही, आधी काढण्याची गरज नाही. पण कागदी तिकीट काढलंस तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख-वेळ उमटवायचीच. शिक्का पडल्यापासून ते चार तास चालतं. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड होतो. पैसे भरले होते हे सांगून उपयोग नसतो, कारण बिनशिक्क्याचं तिकीट पुन्हा वापरता येतं, असाच त्यांचा हिशोब असतो. यंत्र बंद असेल तर पेनाने तिकिटावर तारीख, वेळ, स्टेशन लिही आणि चढण्याआधी गार्डला दाखव. मोबाइलवर काढलेल्या रेजोनाले तिकिटाला शिक्का नसतो, पण चढण्याआधी त्यातच चेक-इन करावं लागतं. हे नवे लोक हमखास विसरतात.

'शोपेरो' हा शब्द पाठ कर. संप. तो आधी जाहीर होतो आणि बऱ्याचदा शुक्रवारी असतो. प्रवासाच्या दोन दिवस आधी बघून घे. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक लोकल गाड्या धावतातच, आणि लांबच्या कुठल्या गाड्या सोडणार त्याची यादी निघते.

गाडीत बॅग दाराजवळच्या रॅकवर ठेवू नकोस. चोरी गाडी चालू असताना क्वचित होते. ती होते स्टेशनात, दार बंद होण्याच्या क्षणी, कारण चोर उतरतो आणि तू आत अडकतेस. आठ किलोची बॅग डोक्यावरच्या फळीवर, स्वतःच्या समोर दिसेल अशी बसते. त्याच क्षणी हातातला मोबाइलही जातो, म्हणून दाराजवळच्या सीटवर बसून मोबाइल बघायचा नाही. तिकीट-यंत्रापाशी कुणी मदतीला आलं तर "नो, ग्रात्सिए" म्हणून कार्ड झाक. मिलानच्या दुओमोसमोर, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चसमोर, मनगटाला दोरा बांधायला येतात, हात मागे घे आणि चालत राहा. रोमची ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे, व्हॅटिकनला मेट्रोने जा.

व्हेनिसमध्ये जागा घेताना फक्त भाडं बघू नकोस, स्टेशनपासून किती पूल ओलांडावे लागतात ते बघ. तिथे चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. चाकं तिथे निरुपयोगी. कानारेज्यो भागात राहिलीस तर त्रास कमी. पत्ता बघूनही गोंधळशील, कारण गल्लीच्या नावाऐवजी भागाचं नाव आणि चार आकडी नंबर असतो, आणि हे नंबर त्या अख्ख्या भागातून ओळीने फिरत जातात. तेव्हा मालकाकडून जवळच्या वापोरेत्तो थांब्याचं नाव आणि नकाशावरची खूण मागून घे. वापोरेत्तो म्हणजे तिथली जलबस. एक फेरी ९.५० युरोची, ७५ मिनिटं चालणारी, म्हणून उगाच चढू नकोस. एकदा १ नंबरच्या बोटीने अख्खा मोठा कालवा पाहा, बाकी चाल. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी शहरात शिरायला शुल्क आहे. मुक्कामी माणसाला ते माफ असतं, पण माफीचा क्यूआर कोड आधी ऑनलाइन काढावा लागतो.

तिकिटांचं सांगते. मिलानचं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र फक्त पंधरा मिनिटं बघू देतात, आणि जागा कित्येक आठवडे आधी संपतात. ते मिळेल तो दिवस पकड आणि मिलानचा बाकी कार्यक्रम त्याभोवती बसव. फ्लॉरेन्सची उफ्फित्सी आणि डेव्हिडच्या पुतळ्याची आकादेमिया ही दोन्ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. रोमच्या कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, पासपोर्ट बघतात, स्पेलिंग तसंच घाल. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक सुती ओढणी बॅगेत असली की झालं.

फ्लॉरेन्सला एक सकाळ मात्र माझ्यासाठी राखून ठेव. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. जिथे आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात, तिथे संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. जवळच्या मोठ्या पुलाला आजही 'पोन्ते अल्लिंदियानो', म्हणजे त्या भारतीय माणसापाशचा पूल, म्हणतात. टी-१ ट्रामने 'काशीने' नावाच्या थांब्यावर उतर आणि नदी डाव्या हाताला ठेवून बागेतून पश्चिमेकडे साधारण अडीच किलोमीटर चाल. बाग संपते तिथेच छत्री. दिवसा धावणारी, सायकलवाली माणसं असतात. संध्याकाळी तो टोकाचा भाग ओस पडतो, म्हणून दहाच्या सुमारास जा आणि बारापर्यंत परत फीर. दोन फुलं घेऊन जा.

खाण्याची काळजी मला सगळ्यात जास्त आहे, कारण "मांस नको" म्हटलं की तिकडे मासे किंवा हॅम चालेल असं समजतात. कागदावर लिहून ठेव: "सोनो वेजेतारियाना. निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते प्रोशूत्तो." सूप आणि भातात मांसाचा रस्सा असतो का, त्यासाठी "ब्रोदो दी कार्ने?" एवढं विचार. पिझ्झावर 'पेपेरोनी' लिहिलेलं असेल तर खुशाल घे, ती ढोबळी मिरची आहे. 'आच्चूगे' म्हणजे छोटे मासे, ते टाळ. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेलाचा, त्यात चीजही नसतं. पण पास्त्यापुढे मारिनारा लिहिलं असेल तर मासे असू शकतात, विचारून घे. अंडं नको त्या दिवशी ताजा पास्ता घेऊ नकोस, सुका घे. पाकिटावर 'ऊओवा' म्हणजे अंडी, 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी, फोकाच्चा या चपट्या पावाच्या पाकिटावर हा शब्द मुद्दाम बघ. पार्मेजानो चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं. खायचं की नाही ते तू ठरव, फक्त माहीत असू दे. रोमला काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरीचा पास्ता, आणि फ्लॉरेन्सला रिबोल्लिता ही आपल्या जिभेला आवडण्यासारखी आहेत. रिबोल्लिता म्हणजे शिळी पोळी कुस्करून आमटीत शिजवावी तसं, पाव, पांढरे घेवडे आणि काळपट कोबी. ब्रोदोचा प्रश्न तिथेही विचार.

जेवणाच्या वेळा साडेबारा ते अडीच आणि साडेसातनंतर. मध्ये भूक लागली तर फळं जवळ ठेव. सुपरमार्केटात भाजी-फळं हातात प्लॅस्टिकचा मोजा घालून उचलायची, फळाच्या पाटीवरचा नंबर लक्षात ठेवायचा, काट्यावर पिशवी ठेवून तो नंबर दाबायचा आणि निघालेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवायची. चिठ्ठीविना गल्ल्यावर गेलीस तर मागची रांग खोळंबते. कॉफी उभ्याने घे, बसून घेतली तर महाग. बिलात 'कोपेर्तो' म्हणून दोन-तीन युरो दिसतील, ते पाव-टेबलाचे, फसवणूक नाही. पाणी विकत घेऊ नकोस. रोममध्ये रस्त्याकडेला नासोने नावाचे लोखंडी नळ आहेत, अखंड वाहणारे. खालची धार बोटाने दाबली की नळीच्या वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं आणि सरळ तोंडात येतं. बाटली मात्र खालूनच भर.

पाँपेई या प्राचीन रोमन शहराचे अवशेष बघायला जाण्यासाठी नापोली चेंत्रालेखालच्या गारिबाल्दी स्थानकातून चिर्कुमवेसुवियाना गाडी धर आणि 'पोंपेई स्काव्ही - विल्ला देई मिस्तेरी' या थांब्यावर उतर. नुसतं पोंपेई लिहिलेलं स्टेशन वेगळं आहे. तिकीट नावावर असतं आणि रोज वीस हजारांपेक्षा जास्त लोकांना सोडत नाहीत. आत सावली नाही, टोपी हवी, आणि रथांच्या चाकोऱ्या पडलेल्या दगडी रस्त्यांवर चप्पल चालणार नाही.

पैसे दोन कार्डांवर, दोन वेगळ्या जागी. यंत्राने "रुपयांत घ्यायचे का" विचारलं तर नाही म्हण, नेहमी युरो निवड. रुपये निवडलेस तर दर त्यांचा लागतो, आणि तो महाग असतो. हॉटेलात पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो, बऱ्याचदा रोखीने. पासपोर्टची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा मागितला तर दे, पण नोंद झाली की लगेच परत घे. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत 'देनुन्च्या' नोंदव, त्या कागदाशिवाय पुढचं काम अडतं. मग रोमला आपला दूतावास किंवा मिलानचा वाणिज्य दूतावास. संकटात ११२. कुणी पुरुष पाठलाग करत असेल, त्रास देत असेल, तर १५२२ हा बायकांसाठीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. आधी दुकानात शीर, मग फोन लाव.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवशी तू नेपल्सला आहेस. मोबाइल आपोआप बदलेल, मनगटावरचं घड्याळ हाताने बदल. आपल्यातलं अंतरही साडेतीन तासांवरून साडेचार होईल, म्हणून त्या रात्रीपासून फोन तिकडच्या साडेपाचला कर, इथे दहा वाजलेले असतील आणि आम्ही जागे असू.

तुझी,
आई