हेड काढायचंय की ठेवायचंय?

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी नेक ऑफ फीमर (मांडीच्या हाडाची मान) मोडलेल्या आजींची हेमीआर्थ्रोप्लास्टी (हाडाचा वरचा गोळा, म्हणजे हेड, काढून कृत्रिम बसवणं) आणि गुरुवारी डॅशबोर्डवर गुडघा आपटलेल्या मुलाची असेटॅब्युलमची (खुब्याच्या वाटीची) मोडलेली पोस्टेरिअर वॉल, म्हणजे मागची भिंत, दोन्ही तुझ्या वाट्याला आल्यात. दोन्हींत खुब्यात मागूनच शिरायचं. ग्लुटिअस मॅक्सिमस तंतूंच्या दिशेनं फाकवायचा, फॅशिया लाटा उभी कापायची, इथपर्यंत फारसा फरक नाही आणि म्हणूनच नवखा माणूस पुढेही तेच करत सुटतो. एक्स्टर्नल रोटेटर, म्हणजे मांडी बाहेर फिरवणारे छोटे स्नायू, दिसले की सुरी थांबव. हेड काढायचंय की ठेवायचंय, हे आधी ठरव.

आजींचं हेड बादलीत जाणार आहे, त्याच्या रक्तपुरवठ्याची चिंता नको. ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा) टोकाशी बोटाला दोरीसारखा लागतो तो पिरिफॉर्मिस. त्याखाली सुपीरिअर जेमेलस, ऑब्ट्युरेटर इंटर्नस, इन्फीरिअर जेमेलस, आणि सगळ्यात खाली चौकोनी, मांसल क्वाड्रेटस फेमोरिस. मांडी इंटर्नल रोटेशनमध्ये, म्हणजे आत, फिरवली की हे टेंडन ताणले जातात आणि कापायची जागा पायात उतरणाऱ्या जाड सायॅटिक नर्व्हपासून लांब जाते. आधी फिरवणं, मग कापणं. टेंडन हाडाला चिकटून सोडव, स्टे सुचर (धरून ठेवायचा टाका) घाल आणि मागे उलटव. क्वाड्रेटसचा वरचा भाग सोडवावा लागला तर रक्त येणारच, तिथे मीडिअल सर्कम्फ्लेक्स फेमोरल आर्टरीच्या फांद्या आहेत. रक्त थांबवायची कॉटरी हाताशी ठेवूनच काप.

गुरुवारी हेच केलंस तर मुलाचं हेड मरेल. मीडिअल सर्कम्फ्लेक्सची डीप ब्रँच हेडचा मुख्य आधार. ती क्वाड्रेटसच्या वरच्या काठाशी वर येते, ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नसच्या मागून जाते, मग दोन्ही जेमेलस आणि ऑब्ट्युरेटर इंटर्नस यांच्या पुढून चढते आणि सुपीरिअर जेमेलसच्या वर, पिरिफॉर्मिसच्या खाली कॅप्सूलमध्ये (सांध्याच्या वेष्टनात) शिरते. हा रस्ता ट्रोकँटरला लगटून आहे. म्हणून पिरिफॉर्मिस आणि ऑब्ट्युरेटर इंटर्नस हाडापासून दीड ते दोन सेंटिमीटर सोडून कापायचे, क्वाड्रेटसला हात लावायचा नाही, आणि ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नस शाबूत ठेवायचा. तीन दिवसांपूर्वी बरोबर असलेला कट इथे चूक ठरतो. वॉलच्या तुकड्याला चिकटलेली कॅप्सूलही सोडवू नकोस, त्या तुकड्याला उरलेलं रक्त तिच्यातूनच मिळतं.

आता नर्व्ह. ती बहुतेकांत पिरिफॉर्मिसच्या पोटाखालून बाहेर पडते आणि ऑब्ट्युरेटर इंटर्नसच्या पाठीवरून खाली उतरते. त्यामुळे उलटवलेला ऑब्ट्युरेटर इंटर्नस रिट्रॅक्टर (मांस ओढून धरायचं हत्यार) आणि नर्व्ह यांच्यामध्ये गादीसारखा बसतो. पिरिफॉर्मिस उलटवून ते संरक्षण मिळत नाही, नर्व्ह त्याच्या आतल्या बाजूला राहते. लेसर सायॅटिक नॉचमध्ये (पेल्व्हिसच्या हाडातली खालची खाच) रिट्रॅक्टर घालायचा तो याच गादीवरून. काही जणांत तिचा पेरोनिअल भाग (पाऊल वर उचलणारा) वेगळा होऊन पिरिफॉर्मिसच्या मधूनच येतो, तेव्हा नर्व्ह नेहमीच्या जागी बारीक दिसली तर दुसरा भाग शोध.

तुझ्या हातात बहुधा रिट्रॅक्टरच असेल. ती हमाली समजू नकोस, कारण नर्व्हला सुरीपेक्षा ओढ जास्त नडते. मुलाच्या केसमध्ये पूर्ण वेळ खुबा सरळ आणि गुडघा वाकलेला हवा, मग नर्व्ह सैल राहते. पाय धरणारा थकतो आणि गुडघा हळूहळू सरळ होत जातो. ड्रेपखाली ते कुणाला दिसत नाही, म्हणून मधून मधून तूच चाचपून बघ. ओढ लागली की आधी पेरोनिअल भाग जातो. तो बाहेरच्या बाजूला आहे, त्यात मऊ संयोजी ऊतक कमी, आणि वर नॉचशी व खाली फिब्युलाच्या मानेशी तो जखडलेला असल्यामुळे ताण सोसायला वाव नाही.

ग्रेटर सायॅटिक नॉचमधून अचानक रक्त उसळलं तर सुपीरिअर ग्लुटिअल आर्टरी समज. आंधळेपणानं क्लॅम्प मारू नकोस. त्याच नावाची नर्व्ह बाजूलाच असते, आणि तुटलेली आर्टरी आक्रसून पेल्व्हिसच्या आत निघून जाते. आधी पॅक ठेवून दाब, सरांना सांग, सक्शन चालू ठेव.

आजींच्या केसमध्ये बंद करताना घाई होते. कॅप्सूल आणि रोटेटर ट्रोकँटरमध्ये ड्रिलनं दोन भोकं पाडून त्यातून परत बांध. नुसते मांसाला मांस टाचले तर ते धरत नाहीत आणि मागच्या बाजूनं खुबा निखळण्याची भीती वाढते. गाठ मारताना मांडी इंटर्नल रोटेशनमधून बाहेर आणायला सांग, नाहीतर टाके ताणाखाली बसतात.

दोघांचंही पाऊल आणि अंगठा वर उचलता येतो का, पहिल्या दोन बोटांमधल्या बेचक्यात स्पर्श कळतो का, हे ऑपरेशनच्या आधी तपासून केसपेपरवर वेळेसकट लिही. पोस्टेरिअर डिसलोकेशनमध्ये (खुबा मागे निखळतो तेव्हा) नर्व्ह अपघातातच दुखावलेली असू शकते; नोंद नसेल तर फूट ड्रॉप (पाऊल लोंबणं) अपघाताचा की आपला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. स्पायनल भूल उतरल्यावर पुन्हा तपास. रात्री उशीर झाला तरी ते इंटर्नवर सोपवू नकोस.

डबा वेळेवर खा.

तुझी,
आई