नाकाता किती दिवस गप्प होता

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

रविवारी माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. तुझ्या नोकरी सोडण्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे. तू नाकाताचा दाखला दिलास, म्हणून त्याच्याविषयीच लिहितो.

जपानचा फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता २००६ साली एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त झाला, हे खरे. त्याच्याच पिढीचा शुन्सुके नाकामुरा त्यानंतर सोळा वर्षे खेळत राहिला. शिंजी ओनोने फेयेनूर्ड या डच क्लबकडून २००२ चा यूएफा कप जिंकला आणि तोही २०२३ पर्यंत मैदानात होता. तरीही त्या पिढीचा विषय निघाला की जपानबाहेर आधी नाकाताच आठवतो, हेही मान्य. पण तो लवकर थांबला म्हणून लोकांच्या मनात राहिला, हे तुझे म्हणणे मला पटत नाही. १९९८ मध्ये इटलीतल्या पेरुजा क्लबकडून लीगच्या पहिल्याच सामन्यात त्याने युव्हेंटसवर दोन गोल केले. २००१ च्या मे महिन्यात त्याचा तेव्हाचा संघ रोमा त्याच युव्हेंटसविरुद्ध दोन गोलांनी पिछाडीवर असताना तो तोत्तीच्या जागी उतरला, लांबून एक गोल केला, आणि त्याचा दुसरा फटका गोलरक्षकाला नीट अडवता न आल्याने सहकारी मोंतेल्लाला बरोबरी साधता आली. त्या मोसमाचे विजेतेपद रोमालाच मिळाले. एवढी शिदोरी बांधून मग तो उठला. तुझ्या गाठीशी काय आहे?

पाहा, पुन्हा तेच झाले. चुकलो. परक्या भाषेत, परक्या माणसांत तू सहा वर्षांत जे उभे केलेस ते मला जमले नसते. हे मी काकांना अनेकदा सांगितले, तुला मात्र कधी सांगितले नाही.

२००६ च्या विश्वचषकातला ब्राझीलविरुद्धचा तो सामना तुला आठवतो का? आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती, तू दहा वर्षांचा होतास आणि आजीची गोधडी पांघरून माझ्या मांडीला टेकला होतास. जपान ४-१ असा हरला, आणि नाकाता मैदानाच्या मध्यवर्तुळात उताणा पडून राहिला. "बाबा, याला कोणी घरी का नेत नाही?" असे तू विचारलेस. दमला असेल, असे मी म्हणालो. थोड्याच दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली, आणि हा निर्णय आपण सहा महिन्यांपूर्वीच घेतला होता, असे लिहिले.

त्याच्या कीर्तीपेक्षा मला हे सहा महिनेच अधिक छळतात. तू हे किती दिवस मनात ठेवले होतेस? योकोहामात ज्याच्याजवळ बोलावे असे तुला कोणी आहे का? नोकरीचे काय करायचे ते तू ठरव, पण एवढे मला कळव.

आईने मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवली आहे. रविवारी फोन मीच करीन.

तुझे,
बाबा